कमी खर्चात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कसं निवडाल? पालक आणि शिक्षकांसाठी फाइल फॉरमॅटची ओळख



आमचं जांबे गाव मुळशी तालुक्यात, हिंजवडीच्या शेजारी. एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला उंच इमारतींची कामं, असं सध्याचं चित्र आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे पालक कुणी बांधकामावर, कुणी फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये, कुणी पिंपरी-चिंचवडच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहेत. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी असते : ड्रॉइंग. भिंत बांधायची तर नकाशा लागतो, गेट बनवायचं तर नकाशा लागतो, मशीनवर जॉब लावायचा तरी ड्रॉइंग लागतं. त्यामुळे "मॅडम, मोठ्या पोराला ड्रॉइंग शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? परवडेल का?" हा प्रश्न प्राथमिक शाळेच्या दारातही येतो.

या प्रश्नाला मी आधी उलटा प्रश्न विचारते : "काढलेली फाइल कुणाला द्यायची आहे? आणि कुणाकडून आलेली फाइल उघडायची आहे?" याचं उत्तर मिळालं की सॉफ्टवेअर निवडणं सोपं होतं, आणि बऱ्याच वेळा खर्च शून्यावर येतो. आजचा लेख याच प्रश्नावर आहे. शेवटी वर्गात घेता येईल असा एक पाठही दिला आहे.

१) फाइल फॉरमॅट म्हणजे काय?

आपल्याला, म्हणजे मराठी टायपिंग करणाऱ्या शिक्षकांना, हे चटकन समजेल. पूर्वी प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टाइप व्हायच्या. श्रीलिपी हे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचं सॉफ्टवेअर. ती फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसायची. प्रश्नपत्रिका तीच, पण समोरच्या कॉम्प्युटरला ती वाचता येत नव्हती. पुढे युनिकोड आलं, सगळ्यांनी एकच पद्धत स्वीकारली आणि आज आपण मराठी मेसेज कुठूनही कुठेही पाठवतो.

ड्रॉइंगच्या जगात असं सर्वमान्य युनिकोड अजून पूर्णपणे आलेलं नाही. प्रत्येक कंपनीची साठवायची पद्धत वेगळी. त्या पद्धतीला फाइल फॉरमॅट म्हणायचं. फाइलच्या नावात टिंबानंतर जी तीन-चार अक्षरं येतात, ती त्या पद्धतीची खूण असते.

दुसरी गोष्ट मी पालकांना लाडवाच्या उदाहरणाने सांगते. ड्रॉइंगचा फोटो किंवा पीडीएफ म्हणजे तयार लाडू. बघता येतो, दुसऱ्याला देता येतो. पण "गूळ थोडा कमी करून द्या" म्हटलं तर तयार लाडवात ते होत नाही. कॅडची फाइल म्हणजे लाडवाची कृती. तिच्यात प्रत्येक रेघ कुठून कुठपर्यंत आहे, वर्तुळाची त्रिज्या किती आहे, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. म्हणून तिच्यात बदल करता येतो, मापं काढता येतात, मशीनला देता येते. आपल्याला लाडू हवाय की कृती, हे आधी ठरवायचं.

२) नेहमी भेटणारे फॉरमॅट

डीडब्ल्यूजी : हा ऑटोकॅडचा स्वतःचा फॉरमॅट. ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आणलं. तेव्हापासून बांधकाम आणि यंत्रांच्या क्षेत्रात ते इतकं पसरलं, की "कॅडची फाइल पाठव" याचा अर्थ बहुतेक वेळा डीडब्ल्यूजी असाच असतो. मात्र हा कंपनीचा खासगी फॉरमॅट आहे, त्याची आतली रचना कंपनीने खुली केलेली नाही. १९९८ मध्ये इतर काही कंपन्या आणि संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी ही रचना अभ्यासून उलगडायला सुरुवात केली. ती संस्था आज ओपन डिझाइन अलायन्स नावाने ओळखली जाते. तिच्या कामामुळेच आज अनेक स्वस्त सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजी उघडू शकतात.

डीएक्सएफ : हासुद्धा ऑटोडेस्कचाच, १९८२ पासूनचा. पण तो मुद्दाम देवाणघेवाणीसाठी केलेला आणि त्याची माहिती कंपनीने प्रसिद्ध केलेली आहे. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंग सॉफ्टवेअरला डीएक्सएफ वाचता येतं. वेगवेगळ्या भाषांच्या लोकांमध्ये हिंदी जसं काम भागवते, तसं डीएक्सएफ फाइलींमध्ये काम भागवतं. सगळे बारकावे पोचतीलच असं नाही, पण मुद्दा पोचतो.

पीडीएफ : बघण्यासाठी आणि छापण्यासाठी. मोबाइलवर उघडतं. साइटवरच्या मिस्त्रीला हेच पाठवतात.

एसव्हीजी : २००१ पासूनचं वेबसाठीचं खुलं मानक. रेघांचं चित्र, कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. लेझर कटिंग, नक्षीकाम, स्टिकर कटिंगला उपयोगी.

एसटीएल आणि स्टेप : हे घन वस्तूंसाठी. थ्रीडी प्रिंटरला एसटीएल चालतं. यंत्राचे भाग एका कंपनीतून दुसरीकडे पाठवताना स्टेप वापरतात, ते आंतरराष्ट्रीय मानक आहे.

३) कुणाला काय लागतं?

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेट किंवा जिना बनवायचा असेल, तर मापं लिहिलेलं स्वच्छ पीडीएफ पुरतं. त्याची प्रिंट काढून भिंतीला चिकटवतात आणि काम सुरू होतं.

लेझर किंवा सीएनसी कटिंग करून घ्यायचं असेल तर डीएक्सएफ मागतात. मशीनला रेघेची जागा आकड्यांत हवी असते, फोटो चालत नाही.

इमारतीच्या नकाशाचं काम करणाऱ्या ऑफिसात मात्र डीडब्ल्यूजीशिवाय भागत नाही. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर, प्लंबिंगवाला यांच्यात फाइल सतत फिरत असते. शिवाय काही महापालिकांत बांधकाम परवानगीचा नकाशा आता कॉम्प्युटरच तपासतो. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीने बनवलेली ऑटोडीसीआर ही अशीच एक प्रणाली, पुणे महापालिकेने ती वापरली आहे. तिथे प्लॉटची हद्द, भिंती, जिना, पार्किंग हे सगळं ठरवून दिलेल्या वेगवेगळ्या लेयरवर काढावं लागतं, तरच कॉम्प्युटरला क्षेत्रफळ मोजता येतं. म्हणजे नुसतं चित्र सुंदर असून भागत नाही, फाइलची आतली मांडणीही नीट लागते. मुलांनी लहानपणापासून वहीचा समास सांभाळावा असं आपण का सांगतो, ते इथे कळतं!

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर थ्रीडी प्रिंटरसाठी एसटीएल फाइल लागेल. या लॅब नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी मिळतात.

आणि मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल या ट्रेडला गेली, तर तिथे दोन वर्षांत हाताने ड्रॉइंग आणि कॅड दोन्ही असतं. घरी सराव करायला काय वापरायचं, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो.

४) परवडणारे पर्याय : शून्य रुपयांपासून सुरुवात

पहिली पायरी, पूर्ण मोफत आणि कायमची. लिब्रेकॅड हे सपाट म्हणजे टूडी ड्रॉइंगसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. क्यूकॅडच्या मोफत आवृत्तीतून ते तयार झालं. आकाराने लहान आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हीवर चालतं, शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरलाही झेपतं. डीएक्सएफ उघडतं आणि साठवतं, पीडीएफ आणि एसव्हीजीही काढून देतं. डीडब्ल्यूजी काही प्रमाणात उघडतं, पण डीडब्ल्यूजीमध्ये साठवत नाही. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण उघडता येणं आणि साठवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणखी एक मर्यादा म्हणजे त्यात देवनागरी लिखाण नीट जमत नाही. मराठी नावं टाकायची असतील तर एसव्हीजी काढून ते इंकस्केपमध्ये उघडायचं आणि तिथे युनिकोड मराठीत लिहायचं. इंकस्केपही मोफतच आहे.

घन वस्तूंसाठी फ्रीकॅड आहे. त्याचं काम २००२ पासून चालू आहे आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. स्टेप, एसटीएल, डीएक्सएफ असे पुष्कळ फॉरमॅट ते हाताळतं. शिकायला थोडं कठीण, पण आयटीआय-डिप्लोमाच्या मुलांना जमतं. लहान मुलांसाठी टिंकरकॅड चांगलं. ते इंटरनेटवरच चालतं, ठोकळे जोडून वस्तू तयार करायची, एसटीएल उतरवून घ्यायची. शिक्षकांना स्वतःचा वर्ग तयार करून मुलांना कोड द्यायची सोय त्यात आहे.

डीडब्ल्यूजी नुसती बघायची असेल तर ऑटोडेस्कचंच डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू विंडोजवर मोफत मिळतं. त्यात नव्या आवृत्तीची डीडब्ल्यूजी जुन्या आवृत्तीत बदलताही येते. डीडब्ल्यूजीचं डीएक्सएफ किंवा उलट करायचं असेल, तर ओपन डिझाइन अलायन्सचं ओडीए फाइल कन्व्हर्टर मोफत आहे. एक अख्खं फोल्डर दिलं तरी ते सगळ्या फाइली एकदम बदलून देतं.

दुसरी पायरी, विद्यार्थ्यांसाठी मोफत. ऑटोडेस्क पात्र शाळा-कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ऑटोकॅड एक वर्षासाठी मोफत देतं. पात्रता पुन्हा सिद्ध केली की मुदत वाढते. पण हे फक्त शिकण्यासाठी. त्यावर पैसे घेऊन कुणाचं काम करायचं नाही, आणि शिक्षण संपलं की सवलतही संपते.

तिसरी पायरी, काही हजार रुपयांत. क्यूकॅडची प्रोफेशनल आवृत्ती एकदाच पैसे भरून मिळते आणि ती डीडब्ल्यूजी उघडते व साठवतेही. विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती वापरून बघता येते. क्यूकॅडची कम्युनिटी आवृत्ती मोफत आहे, पण तिच्यात डीडब्ल्यूजी नाही.

चौथी पायरी, व्यवसायासाठी. ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड यांसारखी सॉफ्टवेअर डीडब्ल्यूजीवरच काम करतात आणि ऑटोकॅडपेक्षा स्वस्त पडतात. ऑटोकॅड २०१६ पासून नव्या ग्राहकाला कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक मुदतीचं भाडं भरत राहावं लागतं. कामातून रोज पैसे मिळत असतील तर हे भाडं निघून येतं. नुसतं शिकायला मात्र ते अंगावर पडतं. किमती बदलत असतात, म्हणून कंपनीच्या साइटवर त्या दिवशीची किंमत बघूनच निर्णय घ्या.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिलला आहे. तिचे वडील वेल्डिंगचं काम करतात. तिने वर्गात काढलेल्या डीडब्ल्यूजी फाइली पेन ड्राइव्हवर आणल्या, पण घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्या उघडेनात. एका दुकानदाराने नवा कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर मिळून हप्त्यांवर घ्यायचा सल्ला दिला. वडील पतसंस्थेत कर्जासाठी विचारूनही आले होते. आम्ही तिघं शाळेच्या कॉम्प्युटरसमोर बसलो आणि यादी केली. फाइली उघडायच्या आहेत, सराव करायचा आहे, प्रिंट काढायची आहे. फाइल बाहेर कुणाला डीडब्ल्यूजीत द्यायची आहे का? अजून नाही. मग ओडीए कन्व्हर्टरने फाइली डीएक्सएफ केल्या, लिब्रेकॅडमध्ये उघडल्या, मापं जुळतात का ते तपासलं. दोन ठिकाणी हॅच म्हणजे भिंतीच्या आतली तिरकी रेघाटी बिघडली होती, तेवढी तिने पुन्हा काढली. कर्ज काढावं लागलं नाही. आयटीआयमार्फत ऑटोकॅडचं विद्यार्थी खातं उघडता येतं का, हे तिने नंतर तिच्या सरांना विचारलं. हे सगळं ठरायला दीड तास लागला. तो दीड तास कुणीतरी त्यांच्याबरोबर बसणं गरजेचं होतं, आणि ते काम आपण शिक्षक करू शकतो.

५) क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर का नको?

"मॅडम, पेन ड्राइव्हवर पाचशे रुपयांत मिळतंय की!" हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते. पालकहो, यात दोन धोके आहेत.

पहिला कायद्याचा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ बी नुसार कॉम्प्युटर प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. त्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. धंद्याच्या फायद्यासाठी वापर नव्हता असं दिसलं, तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकतं. पण तेवढी रक्कमही आपल्या घरांना छोटी नाही.

दुसरा धोका व्हायरसचा. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे चोराला आत घेण्यासाठी कुत्रा बांधून ठेवण्यासारखंच झालं. त्याच कॉम्प्युटरवर आपलं बँकेचं काम आणि मुलांचे फोटो असतात.

आणि तिसरी गोष्ट संस्काराची. परीक्षेत कॉपी करू नको असं आपण मुलाला सांगतो, आणि शिकण्याचं साधनच चोरीचं देतो. मोफत आणि कायदेशीर पर्याय समोर असताना याची गरजच नाही.

मोफत म्हणजे कायमचं मोफत, असंही मात्र समजू नका. ड्राफ्टसाइट हे डीडब्ल्यूजी हाताळणारं सॉफ्टवेअर बरीच वर्षं फुकट मिळायचं. २०१९ च्या अखेरीस त्याची मोफत आवृत्ती चालायची बंद झाली. मुक्त परवान्याची सॉफ्टवेअर, म्हणजे लिब्रेकॅड, फ्रीकॅड, इंकस्केप, यांचं तसं होत नाही. त्यांची मिळालेली आवृत्ती आपल्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण सॉफ्टवेअर कोणतंही असो, आपलं काम त्याच्या हवाली करून बसायचं नाही. मुलाला सवय लावा : प्रत्येक ड्रॉइंग तीन प्रकारे साठवायचं. एक सॉफ्टवेअरच्या मूळ फॉरमॅटमध्ये, एक डीएक्सएफमध्ये आणि एक पीडीएफमध्ये. उद्या सॉफ्टवेअर बदललं, मुदत संपली, कॉम्प्युटर बदलला, तरी दोन वर्षांची मेहनत आपल्याच हातात राहते.

६) वर्गपाठ : एक गुंठा कागदावर

आता आपला पाठ. सातवी-आठवीसाठी चांगला, पाचवी-सहावीला हाताने काढून घेता येईल.

आमच्या भागात मुलं घरी रोज "गुंठा" हा शब्द ऐकतात. पण एक गुंठा म्हणजे केवढी जागा, हे विचारलं तर मोठ्यांनाही हाताने दाखवता येत नाही. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजेच ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस.

कृती १. शाळेच्या मैदानावर टेपने ३३ फूट मोजा, फक्कीने चौरस आखा. मुलांना त्यात उभं करा. आता गुंठा डोळ्यांना दिसला.

कृती २. फुटांचे मीटर करा. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. ३३ ला गुणलं की १०.०५८४ मीटर येतात. क्षेत्रफळ साधारण १०१.१७ चौरस मीटर.

कृती ३. १ : १०० प्रमाणात कागदावर काढा. १०.०५८४ मीटरचे झाले १०.०६ सेंटिमीटर. ए-फोर कागदावर आरामात बसतं.

कृती ४. हाच चौरस लिब्रेकॅडमध्ये रेघेच्या साधनाने काढा. एकक मीटर निवडा, बाजू १०.०५८४ द्या. १ : १०० प्रमाणात प्रिंट घ्या आणि पट्टी लावून बघा. साधारण १० सेंटिमीटर आणि अर्धा मिलिमीटर भरलं पाहिजे. नाही भरलं तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये "कागदाला बसवा" हा पर्याय चालू राहिला असेल, तो बंद करा.

कृती ५. फाइल डीएक्सएफमध्ये साठवा आणि ती नोटपॅडमध्ये उघडा. इथे मुलांचे डोळे चमकतात! भली मोठी यादी दिसते. तिच्यात "एन्टिटीज" हा इंग्रजी शब्द शोधायला सांगा. त्याच्याखाली "लाइन" असं लिहिलेलं सापडेल. मधल्या काही ओळी सोडल्या की १० हा आकडा आणि खाली एक संख्या, मग २० आणि खाली एक संख्या, मग ११, मग २१. यात १० आणि २० खालच्या संख्या म्हणजे रेघेच्या सुरुवातीच्या बिंदूचे निर्देशक, तर ११ आणि २१ खालच्या शेवटच्या बिंदूचे. मुलं स्वतःच १०.०५८४ शोधून काढतात. नववीला निर्देशक भूमिती येईल तेव्हा त्यांना आठवेल की हे आपण आधी पाहिलंय.

आता तुलनेसाठी एखादी डीडब्ल्यूजी नोटपॅडमध्ये उघडा. काही वाचता येणार नाही. पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. ती एसी१०१५ असतील तर फाइल २००० च्या फॉरमॅटची, एसी१०२७ असतील तर २०१३ च्या, एसी१०३२ असतील तर २०१८ च्या. एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये डीडब्ल्यूजी उघडत नसेल तर हे आधी बघावं. पुष्कळदा सॉफ्टवेअर जुनं आणि फाइल नवी एवढंच कारण निघतं. नोटपॅडमध्ये बघून झालं की फाइल न साठवता बंद करा, नाहीतर ती बिघडेल.

कृती ६. एककाची गंमत. आता बाजू ३३ देऊन चौरस काढा, पण तो फुटांतला आहे हे कुठेही लिहू नका. ही फाइल दुसऱ्या गटाला द्या आणि ते मीटर समजून क्षेत्रफळ काढतील असं बघा. उत्तर येईल १०८९ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेअकरा गुंठे! एका गुंठ्याचे पावणेअकरा गुंठे नुसत्या एककाच्या घोळात झाले. मुलं खूप हसतात, आणि उत्तरापुढे एकक लिहायचं का असतं, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

हाताने काम करत शिकायची ही पद्धत नवी नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वस्तू बनवत बनवत शिकायचं, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेतल्या एमआयटीने सुरू केलेल्या फॅब लॅब कल्पनेची एमआयटीबाहेरची अगदी सुरुवातीची लॅब २००२ मध्ये याच पाबळला झाली. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ मशीनवर जाऊन खरी वस्तू होते, हे तिथे गावातल्या मुलांनी करून पाहिलं. आपल्या वर्गातला गुंठा हे त्याचंच छोटं रूप आहे.

सॉफ्टवेअर शिकायला मराठीत काय आहे, असं विचाराल, तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा उपक्रम बघा. मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे छोटे व्हिडिओ पाठ तिथे मोफत आहेत आणि त्यांतल्या अनेकांना मराठी निवेदन आहे.

७) पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा

१. फाइल कुणाला द्यायची आहे आणि ते कोणता फॉरमॅट मागतात?

२. हे सॉफ्टवेअर तो फॉरमॅट नुसता उघडतं की साठवतंही? कोणत्या आवृत्तीपर्यंत?

३. एकदाच पैसे आहेत की दरवर्षी? बंद केलं तर जुन्या फाइली उघडतील का?

४. आपल्या आत्ताच्या कॉम्प्युटरवर चालेल का?

५. खरी फाइल उघडून पाहिली का? जाहिरातीत "सर्व फॉरमॅट चालतात" असं लिहिलेलं असतं. आपली स्वतःची एक फाइल चाचणी आवृत्तीत उघडा. त्यात ओळखीच्या मापाची एक रेघ ठेवा, समजा १०० मिलिमीटरची. फाइल इकडून तिकडे नेल्यावर ती रेघ पुन्हा मोजा. १०० च आली तर ठीक. २५४० किंवा ३.९४ आली तर इंच आणि मिलिमीटरचा घोळ झालाय. मग हॅच, अक्षरं आणि लेयर नीट आलेत का ते बघा.

या पाच प्रश्नांची उत्तरं एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच दुकानात किंवा क्लासमध्ये जा. क्लासवाल्यांनाही विचारा की मुलाने काढलेल्या फाइली शेवटी त्याला कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळणार. आणि शिक्षक मित्रांनो, शाळेच्या एका तरी कॉम्प्युटरवर लिब्रेकॅड आणि इंकस्केप टाकून ठेवा. दोन्हीला पैसे लागत नाहीत. एखादी मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली, तर तिची फाइल गावातच उघडता आली पाहिजे.

गुंठ्याचा पाठ वर्गात घेतलात तर मुलांनी कोणते प्रश्न विचारले ते जरूर कळवा.